मेंदूतील अर्बुदांची असामान्य प्रतिमारूपे

मेंदूतील अर्बुदांची असामान्य प्रतिमारूपे म्हणजे सीटी स्कॅन, एमआरआय यांसारख्या निदानचित्रणात मेंदूतील अर्बुद (ब्रेन ट्यूमर) त्याच्या प्रकाराला साजेशा नेहमीच्या रूपाऐवजी निराळ्या रूपात दिसणे. अर्बुद नसलेली विकृती हुबेहूब अर्बुदासारखी दिसणे हाही याच विषयाचा भाग मानला जातो. या रूपांचा अभ्यास चेता-क्षकिरणशास्त्र (न्यूरोरेडिऑलॉजी) या शाखेत होतो. त्याला व्यावहारिक महत्त्व मोठे आहे, कारण कवटी उघडावी की नाही, स्टेरॉइड सुरू करावे की थांबावे, क्षयाची औषधे द्यावीत की किरणोपचार, हे निर्णय अनेकदा प्रथम प्रतिमेच्या आधारे घेतले जातात.

पार्श्वभूमी

क्ष-किरणांच्या साध्या छायाचित्रात कवटीचे हाड दिसते, मेंदू दिसत नाही. त्यामुळे विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात अर्बुदाचा शोध अप्रत्यक्ष मार्गांनी घ्यावा लागे. अमेरिकी शल्यचिकित्सक वॉल्टर डँडी यांनी १९१८ मध्ये मेंदूच्या पोकळ्यांत हवा भरून त्यांची छायाचित्रे घेण्याची पद्धत मांडली. पोर्तुगीज वैद्य एगास मोनिझ यांनी १९२७ मध्ये मेंदूच्या रक्तवाहिन्यांचे चित्रण केले. पोकळी कोणत्या बाजूला सरकली आहे, वाहिनी कोठे वाकली आहे, यावरून गाठीच्या जागेचा अंदाज बांधला जाई. गाठ स्वतः मात्र अदृश्यच राही.

१ ऑक्टोबर १९७१ रोजी लंडनच्या ॲटकिन्सन मॉर्ली रुग्णालयात गॉडफ्री हाउन्सफील्ड यांच्या यंत्रावर पहिल्या रुग्णाचा सीटी स्कॅन झाला. त्या रुग्णाच्या मेंदूच्या पुढील खंडात अर्बुद असल्याचा संशय होता आणि विकृती चित्रात स्पष्ट दिसली. या तंत्रासाठी हाउन्सफील्ड व ॲलन कॉर्मॅक यांना १९७९ चे, तर एमआरआयसाठी पॉल लॉटरबर व पीटर मॅन्सफील्ड यांना २००३ चे नोबेल पारितोषिक मिळाले. गाठ डोळ्यांना दिसू लागल्यावर तिचा प्रकारही चित्रावरूनच ओळखता येईल, अशी अपेक्षा निर्माण झाली. ती बऱ्याच अंशी पुरी झाली, पण पूर्णपणे नाही.

प्रतिमेत नेमके काय दिसते

असामान्य रूपे समजून घेण्यासाठी एक गोष्ट ध्यानात घ्यावी लागते. स्कॅनमध्ये अर्बुदाच्या पेशी दिसत नाहीत, तर त्या पेशींमुळे ऊतींत झालेले भौतिक बदल दिसतात. सीटी स्कॅन घनता मोजतो. एमआरआयचे चित्र मुख्यतः पाण्यातील हायड्रोजनच्या अणुकेंद्रांकडून येणाऱ्या संकेतांवर बनते. टी२ प्रकारच्या प्रतिमेत जे पांढरे दिसते ते पुष्कळदा केवळ वाढलेले पाणी असते. ते सूजेचे, अर्बुदाचे, दाहाचे किंवा ताज्या पक्षाघाताचेही असू शकते.

शिरेतून दिल्या जाणाऱ्या कॉन्ट्रास्ट औषधाबाबतही असेच आहे. एमआरआयमध्ये यासाठी गॅडोलिनियमची संयुगे वापरतात. निरोगी मेंदूत रक्तवाहिन्यांच्या भिंती घट्ट असतात आणि हे औषध बाहेर झिरपत नाही. या व्यवस्थेला रक्त-मेंदू अडथळा म्हणतात. तो जेथे मोडतो किंवा मुळातच नसतो, तेथे औषध झिरपून तो भाग उजळतो. म्हणजे उजळलेला भाग वाहिन्यांतील गळती दाखवतो, कर्करोग नव्हे. ‘उजळले म्हणजे घातक, न उजळले म्हणजे सौम्य’ हा समज रुग्णांत तर आहेच, वैद्यकाच्या विद्यार्थ्यांतही आढळतो. पुढील अनेक उदाहरणे त्याच्या विरोधात जातात.

उजळणारी सौम्य आणि न उजळणारी घातक अर्बुदे

पायलोसायटिक ॲस्ट्रोसायटोमा हे प्रामुख्याने मुलांमध्ये, विशेषतः लहान मेंदूत आढळणारे अर्बुद जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणात श्रेणी १ मध्ये, म्हणजे सर्वांत सौम्य गटात मोडते. तरीही कॉन्ट्रास्ट दिल्यावर त्याची गाठ झगझगीत उजळते. पाण्याने भरलेली पुटी आणि तिच्या भिंतीला चिकटलेली उजळ गाठ हे त्याचे प्रातिनिधिक रूप होय. प्रौढ व्यक्तीच्या लहान मेंदूत नेमके हेच चित्र दिसल्यास विचार प्रथम हेमँजिओब्लास्टोमाचा होतो. रुग्णाचे वय बदलले की त्याच चित्राचा अर्थ बदलतो, याचे हे नेहमी दिले जाणारे उदाहरण आहे. हेमँजिओब्लास्टोमाच्या गाठी एकाहून अधिक असतील तर फॉन हिपेल-लिंडाउ या आनुवंशिक विकाराची तपासणी करावी लागते.

याउलट ग्लायोब्लास्टोमा हे प्रौढांतील अत्यंत घातक अर्बुद. मध्यभागी मृत ऊती, भोवती जाड व ओबडधोबड उजळ कडे आणि त्याबाहेर पसरलेली सूज हे त्याचे ओळखीचे चित्र. पण प्रारंभीच्या अवस्थेत ते मेंदूच्या बाह्यकात केवळ एक अस्पष्ट, न उजळणारा डाग म्हणूनही दिसू शकते. असा डाग लहानशा पक्षाघाताचा किंवा फिट येऊन गेल्यामुळे झालेला तात्पुरता बदल मानला जातो आणि काही आठवड्यांनंतरच्या स्कॅनमध्ये पूर्ण कडे उमटलेले दिसते. २०२१ च्या जागतिक वर्गीकरणाने या प्रश्नाला निराळे वळण दिले. प्रौढातील पसरणाऱ्या ॲस्ट्रोसायटिक अर्बुदात आयडीएच जनुकातील बदल नसेल आणि टर्ट प्रवर्तकातील उत्परिवर्तन, ईजीएफआर जनुकाच्या वाढलेल्या प्रती, किंवा सातव्या गुणसूत्राची वाढ व दहाव्याची हानी यांपैकी एक जनुकीय खूण सापडली, तर सूक्ष्मदर्शकाखाली मृत ऊती दिसत नसल्या तरी निदान ग्लायोब्लास्टोमा असेच होते. त्यामुळे चित्रात सौम्य भासणारी काही अर्बुदे आता अधिकृतपणेच घातक गटात गणली जातात.

ग्लायोमॅटोसिस सेरेब्राय हे आणखी फसवे रूप. यात अर्बुदाच्या पेशी मेंदूचे तीन वा अधिक खंड व्यापतात, परंतु गाठ म्हणावी असे काहीच दिसत नाही. मेंदूची रचना जवळजवळ शाबूत राहून फक्त पांढरट झाक पसरलेली दिसते. हे चित्र दाह किंवा पांढऱ्या द्रव्याचे आजार यांच्याशी सहज मिसळते. २०१६ पासून ते स्वतंत्र अर्बुद न मानता ग्लायोमाच्या वाढीची एक तऱ्हा मानले जाते.

कड्यासारख्या विकृती

मध्यभागी काळी आणि कडेने उजळ अशी कड्याच्या आकाराची विकृती हा या विषयातील सर्वाधिक चर्चिला गेलेला प्रश्न आहे. असे कडे ग्लायोब्लास्टोमात दिसते, दुसऱ्या अवयवातून मेंदूत आलेल्या कर्करोगात (मेटास्टॅसिस) दिसते. तसेच पूगळू, क्षयाची गाठ, फीतकृमीच्या अळीची पुटी, टॉक्सोप्लाझ्माचा संसर्ग, मायलिन आवरणाचा ऱ्हास, जुना रक्तस्राव आणि किरणोपचारानंतरची ऊतिमृत्यू यांतही दिसते. अहवालातील ‘कडे उजळणारी विकृती’ हे शब्द वाचून अनेक कुटुंबे कर्करोग गृहीत धरतात. वस्तुतः हे शब्द आकाराचे वर्णन आहेत, रोगाचे नाव नव्हे.

पूगळू व मृत केंद्र असलेले अर्बुद यांचा भेद करण्यास डिफ्यूजन प्रतिमा फार उपयोगी पडते. या प्रतिमेत पाण्याच्या रेणूंची हालचाल मोजली जाते. पू दाट असल्याने त्यातील पाणी मुक्तपणे हलू शकत नाही, म्हणून गळवाचे केंद्र डिफ्यूजन प्रतिमेत पांढरे व सोबतच्या एडीसी नकाशात काळे दिसते. अर्बुदाच्या मृत केंद्रातील द्रव पातळ असल्याने तेथे सहसा उलटे घडते. या नियमालाही अपवाद आहेत. काही मेटास्टॅसिसचे केंद्र गळवासारखे वागते, तर बुरशीजन्य व टॉक्सोप्लाझ्माच्या गळवांत डिफ्यूजन नेहमीच अडलेले नसते. चूक झाल्यास किंमत मोठी असते. गळवाला अर्बुद समजून प्रतिजैविकाशिवाय स्टेरॉइड देत राहिल्यास संसर्ग बळावू शकतो, आणि गळू मेंदूच्या पोकळीत फुटल्यास जीव धोक्यात येतो.

मायलिनऱ्हासाची अर्बुदसदृश विकृती बहुविध काठिण्य (मल्टिपल स्क्लेरोसिस) व संबंधित आजारांत होते. ती २ सेंटिमीटरहून मोठी असते. तिचे कडे बहुधा अपूर्ण, घोड्याच्या नालासारखे असते आणि उघडी बाजू मेंदूच्या करड्या द्रव्याकडे असते. विकृतीच्या आकाराच्या मानाने भोवतालची सूज व दाब कमी असतो. या खुणा ओळखल्या गेल्या नाहीत तर रुग्ण, जो पुष्कळदा तरुण असतो, शस्त्रक्रियेच्या टेबलावर जातो. बायॉप्सीच्या तुकड्यातही प्रतिक्रियात्मक मोठ्या पेशी दिसून क्वचित ग्लायोमाचा भास होतो. म्हणून प्रतिमेतील संशय ऊतितज्ज्ञाला आधी कळवणे आवश्यक असते.

भारतीय संदर्भ: क्षयगाठ आणि फीतकृमी

पाश्चात्त्य पाठ्यपुस्तकांत कड्यासारख्या विकृतींच्या यादीत अर्बुदे वरच्या क्रमांकावर असतात. भारतात पहिलीच फिट आलेल्या तरुणाच्या स्कॅनमध्ये लहानसे एकच कडे दिसल्यास संसर्गाची शक्यता अधिक असते. सीटी स्कॅन देशात रुळू लागल्यावर अशा विकृती मोठ्या संख्येने दिसू लागल्या आणि त्यांतील बऱ्याच क्षयाच्या गाठी मानून क्षयाचे दीर्घ उपचार दिले गेले. पुढे वेल्लोर येथील ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमधील राजशेखर, चंडी व सहकाऱ्यांनी १९८० च्या दशकाच्या अखेरीपासून केलेल्या अभ्यासांत यांपैकी अनेक विकृती म्हणजे फीतकृमीच्या मृत होत असलेल्या अळ्या असल्याचे ऊतिपरीक्षेने दाखवले. त्यांच्या निकषांनुसार गोलसर, २० मिलिमीटरपर्यंतची आणि मेंदूची मध्यरेषा न सरकवणारी विकृती फीतकृमीच्या बाजूने, तर त्याहून मोठी, वेड्यावाकड्या कडेची व मध्यरेषा सरकवणारी विकृती क्षयगाठीच्या बाजूने झुकते. पुटीच्या आत अळीचे डोके एखाद्या टिंबासारखे दिसले तर निदान जवळजवळ निश्चित होते. अशा लहान विकृती पुष्कळदा काही महिन्यांत आपोआप विरघळतात किंवा त्यांच्या जागी कॅल्शियमचा ठिपका उरतो.

फीतकृमीचा हा आजार डुकराचे मांस खाणाऱ्यांनाच होतो, हा समज चुकीचा आहे. मेंदूत अळी पोहोचते ती कृमीची अंडी पोटात गेल्याने, आणि ही अंडी मानवी विष्ठेने दूषित झालेले पाणी, न धुतलेल्या भाज्या किंवा अस्वच्छ हात यांतून येतात. त्यामुळे आयुष्यभर शाकाहारी असलेल्या व्यक्तीतही हे निदान बाद करता येत नाही.

मेंदूतील क्षयगाठ मात्र खरोखरच अर्बुदाची नक्कल करते. पनीरासारखे घट्ट मृत केंद्र असलेली क्षयगाठ टी२ प्रतिमेत काळी दिसते, ही एक उपयुक्त खूण आहे, कारण बहुतेक अर्बुदे त्या प्रतिमेत उजळ असतात. चुंबकीय स्पेक्ट्रोस्कोपीत मेदाचे उंच शिखर दिसणे हाही पुरावा क्षयाकडे बोट दाखवतो. परंतु केंद्र द्रवरूप झाले की गाठ गळवासारखी किंवा ग्लायोब्लास्टोमासारखी दिसू लागते. योग्य औषधे चालू असतानाही काही क्षयगाठी प्रथम आकाराने वाढतात. हा विरोधाभासी प्रतिसाद माहीत नसेल तर औषध लागू पडत नाही, म्हणून ही गाठ अर्बुदच असली पाहिजे, असा चुकीचा तर्क होतो.

लिम्फोमा: नाहीशी होणारी गाठ

मेंदूतील प्राथमिक लिम्फोमाच्या पेशी दाटीवाटीने असतात. त्यामुळे तो सीटीमध्ये भोवतालापेक्षा घन दिसतो, डिफ्यूजन प्रतिमेत पांढरा असतो आणि रोगप्रतिकारशक्ती शाबूत असलेल्या व्यक्तीत सर्वत्र एकसारखा उजळतो. एचआयव्हीबाधित व्यक्तीत मात्र तोच लिम्फोमा मध्ये मृत होऊन कडे धारण करतो आणि टॉक्सोप्लाझ्माच्या संसर्गापासून ओळखणे कठीण होते. क्वचित तो पांढऱ्या द्रव्यात पसरतो, उजळत नाही, आणि स्मृतिभ्रंशाच्या रुग्णात वयोमानाचा बदल म्हणून दुर्लक्षिला जातो.

त्याचे सर्वांत विलक्षण वर्तन स्टेरॉइडला मिळणारा प्रतिसाद हे होय. सूज कमी करण्यासाठी दिलेल्या काही दिवसांच्या स्टेरॉइडने गाठ इतकी आक्रसते की पुढील स्कॅनमध्ये ती दिसतही नाही. रुग्णाला बरे वाटते, पण बायॉप्सी निष्फळ ठरते आणि काही आठवड्यांत किंवा महिन्यांत रोग परततो. म्हणून लिम्फोमाचा संशय असेल व रुग्णाची प्रकृती परवानगी देत असेल, तर ऊतींचा नमुना मिळेपर्यंत स्टेरॉइड टाळण्याचा प्रघात आहे. दुसरीकडे, स्टेरॉइडने विरघळणारी प्रत्येक गाठ लिम्फोमा नसते. मायलिनऱ्हास व सार्कॉइडोसिसही तसेच वागतात.

मेनिन्जिओमाची अनपेक्षित रूपे

मेनिन्जिओमा हे मेंदूच्या आवरणांतून निघणारे, बहुधा सौम्य अर्बुद. रुंद तळाने आवरणाला चिकटलेली, एकसारखी उजळणारी गाठ व तिच्या कडेने आवरणावर निमुळती होत जाणारी उजळ रेषा, अर्थात ‘आवरण-पुच्छ’, ही त्याची परिचित खूण. तरीही काही मेनिन्जिओमांत मोठ्या पुटी असतात आणि ते ग्लायोमासारखे दिसतात, काही चादरीसारखे आवरणावर पसरतात, काही कवटीच्या हाडातच वाढून ते जाड करतात, तर काही मेंदूच्या पोकळीत, आवरणाशी संबंध नसल्यासारखे, आढळतात. आवरण-पुच्छ केवळ मेनिन्जिओमातच असते असेही नाही. आवरणावर पसरलेला स्तनाचा किंवा प्रोस्टेटचा कर्करोग, लिम्फोमा व सार्कॉइडोसिस यांतही ते दिसते. कर्करोगाचा पूर्वेतिहास असलेल्या रुग्णात आवरणावरील गाठ ‘नेहमीचा मेनिन्जिओमा’ म्हणून सोडून देणे त्यामुळे धोक्याचे ठरू शकते.

रक्तस्राव, मेद व मेलॅनिन

कॉन्ट्रास्ट न देताच टी१ प्रतिमेत पांढरे दिसणारे पदार्थ मोजकेच आहेत: काही दिवस जुने रक्त, मेद, मेलॅनिन आणि दाट प्रथिने. मेलॅनोमाचे मेटास्टॅसिस मेलॅनिन व रक्तस्राव या दोहोंमुळे असे दिसते. मूत्रपिंड व थायरॉइडचे कर्करोग तसेच कोरिओकार्सिनोमा यांच्या मेटास्टॅसिसमध्येही रक्तस्रावाचे प्रमाण अधिक असते. मोठा रक्तस्राव झाला की खालचे अर्बुद झाकले जाते आणि घटना उच्च रक्तदाबाचा पक्षाघात मानली जाते. जागा नेहमीची नसणे, सूज अपेक्षेहून जास्त असणे व रक्ताचे रंगबदल नेहमीच्या क्रमाने न होणे या इशाऱ्याच्या खुणा असून, रक्त शोषले गेल्यावर पुन्हा स्कॅन करणे हा उपाय असतो.

डर्मॉइड पुटी फुटल्यास मेदाचे थेंब मेंदूभोवतीच्या द्रवात विखुरलेले दिसतात. एपिडर्मॉइड पुटी याउलट मेंदूभोवतीच्या द्रवासारखीच दिसून साध्या ॲरॅक्नॉइड पुटीचा भास निर्माण करते. डिफ्यूजन प्रतिमेत मात्र एपिडर्मॉइड पांढरी चमकते आणि ॲरॅक्नॉइड पुटी काळी राहते.

नाव मिळालेल्या खुणा

काही दुर्मीळ अर्बुदे मात्र त्यांच्या चमत्कारिक रूपामुळेच सहज ओळखता येतात. १९२० मध्ये लेर्मिट व ड्युक्लो या फ्रेंच वैद्यांनी वर्णिलेल्या लहान मेंदूतील विकृतीत वाघाच्या अंगावरील पट्ट्यांसारखी समांतर रेघोटी दिसते. प्रौढातील हा आजार पीटीईएन जनुकाशी निगडित काउडेन लक्षणसमूहाचा भाग असू शकतो, म्हणून स्तन व थायरॉइडची तपासणीही सुचवली जाते. बाह्यकाखाली लहान बुडबुड्यांचा घोस दिसणारे, २०१३ मध्ये प्रथम वर्णिलेले बहुगाठी पोकळीयुक्त चेतापेशीय अर्बुद सहसा वाढत नाही. ते बहुधा इतर कारणाने काढलेल्या स्कॅनमध्ये योगायोगाने सापडते, आणि रूप पुरेसे स्पष्ट असल्यास बायॉप्सी न करता केवळ लक्ष ठेवले जाते. असामान्य रूप ओळखल्याने शस्त्रक्रिया टळते, याचे हे चांगले उदाहरण.

टी२ प्रतिमेत एकसारखा पांढरा दिसणारा, पण फ्लेअर प्रतिमेत कडेची पांढरी किनार वगळता काळवंडणारा ग्लायोमा आयडीएच-उत्परिवर्तित ॲस्ट्रोसायटोमा असण्याची शक्यता फार असते. २०१७ मध्ये मांडली गेलेली ही ‘टी२-फ्लेअर विसंगती’ प्रारंभी जवळजवळ अचूक वाटली. ती नसली म्हणजे ते अर्बुद नाही असे म्हणता येत नाही, आणि पुढील काळात मुलांमधील ग्लायोमांत व इतर काही अर्बुदांतही ती आढळल्याने तिचा वापर आता अधिक सावधपणे, मुख्यतः प्रौढांत, केला जातो.

उपचारांनंतरची फसवी चित्रे

ग्लायोब्लास्टोमावर किरणोपचार व टेमोझोलोमाइड दिल्यानंतरच्या पहिल्या काही महिन्यांत उजळ भाग वाढलेला दिसू शकतो आणि तरीही रोग वाढलेला नसतो. किरणांमुळे वाहिन्यांची गळती वाढल्याने असे होते. याला आभासी वाढ म्हणतात. याच कारणाने २०१० च्या ‘रानो’ निकषांत किरणोपचार संपल्यापासून पहिल्या १२ आठवड्यांत केवळ किरणक्षेत्रातील वाढीवरून रोग बळावल्याचे ठरवू नये, असे सांगितले गेले. याच्या उलट आभासी प्रतिसाद होय. बेव्हासिझुमॅब हे औषध वाहिन्यांची गळती थांबवते, त्यामुळे उजळ भाग एक-दोन दिवसांतही ओसरू शकतो, पण न उजळणारे अर्बुद टी२ व फ्लेअर प्रतिमांत पसरत राहिलेले दिसते. पूर्वीचे, १९९० चे मॅकडॉनल्ड निकष केवळ उजळ भाग मोजत असल्याने या दोन्ही प्रसंगी अपुरे पडले.

काही महिने ते वर्षांनंतर किरणोपचाराच्या जागी होणारा ऊतिमृत्यूही परतलेल्या अर्बुदासारखाच दिसतो. रक्तप्रवाह मोजणाऱ्या परफ्युजन चित्रणात अर्बुदाकडे रक्त अधिक व मृत ऊतीकडे कमी जाते. अमिनो आम्लांवर आधारित पेट स्कॅनही भेद करण्यास साहाय्य करतो. प्रत्यक्षात जिवंत अर्बुद व मृत ऊती एकाच जागी मिसळलेल्या असतात, आणि प्रश्न ‘हे की ते’ असा न राहता ‘कोणते किती’ असा होतो. अशा वेळी ठरावीक अंतराने, शक्यतो त्याच यंत्रावर व त्याच पद्धतीने काढलेले स्कॅन शेजारी ठेवून पाहणे हीच सर्वांत विश्वासार्ह पद्धत ठरते. त्यामुळे रुग्णाने केवळ अहवालाचा कागद नव्हे, तर जुन्या स्कॅनच्या सीडी व फिल्मही जपून ठेवणे आवश्यक असते.